पहिल्यांदा आवडलं, पन्नासाव्यांदा?

१९९० साली व्हॅनिला आईस या गोऱ्या रॅपरचं ‘आईस आईस बेबी’ अमेरिकेच्या बिलबोर्ड हॉट १०० यादीत पहिलं आलं. तिथवर पोचलेलं ते पहिलंच हिप-हॉप गाणं. त्याचा अल्बम १६ आठवडे अव्वल राहिला. पुढे मात्र व्हॅनिला आईस ‘एका गाण्याचा धनी’ म्हणूनच ओळखला गेला. डेट्रॉइटचा एमिनेम १९९९ मध्ये प्रसिद्धीला आला आणि अजून ऐकला जातो. दोघेही गोरे; रॅपची कला न्यूयॉर्कच्या ब्राँक्समधल्या कृष्णवर्णीय वस्त्यांची. मग फरक कुठे पडला?

मानसशास्त्रज्ञ रॉबर्ट झायन्स यांनी १९६८ मध्ये दाखवलं, की एखादी गोष्ट नुसती वारंवार समोर आली तरी आवडू लागते. डॅनियल बर्लाइन यांच्या प्रयोगांनी त्यात एक मेख मारली. साध्या आकृत्या पुन्हा पुन्हा पाहून लोक कंटाळले, गुंतागुंतीच्या मात्र हळूहळू जास्त आवडू लागल्या. मेंदू पुढचं काय ते ओळखू पाहतो. सगळंच ओळखता आलं की खेळ संपतो.

व्हॅनिला आईसची यमकं बहुतेक ओळीच्या टोकाला येतात, आणि बेस गिटारची धून १९८१ च्या ‘अंडर प्रेशर’ या गाण्यातून उचललेली. दोनदा ऐकलं की पाठ. एमिनेम यमक ओळीच्या पोटात लपवतो. इंग्रजीत ‘ऑरेंज’ला यमक नाही असं म्हणतात. २०१० च्या एका टीव्ही मुलाखतीत त्याने फोर-इंच, डोअर हिंज, स्टोरेज, पॉरिज अशी माळच लावली. व्यंजनं सोडून द्यायची, ‘ऑ’ आणि ‘इ’ हे स्वर तेवढे जुळवायचे, आणि उच्चार लागेल तसा वाकवायचा. (मोरोपंतांच्या आर्या वाचलेल्यांना ही हौस ओळखीची वाटेल.) त्याच्या ‘रॅप गॉड’ या गाण्यात सुमारे सहा मिनिटांत १,५६० शब्द आहेत, पहिल्या ऐकण्यात निम्मे निसटतातच. मला वाटतं, वेगाचं कौतुक जरा जास्तच होतं, खरी करामत स्वरांची आहे.

बीस्टी बॉइज या गोऱ्या रॅप त्रिकुटाचा दाखला तर याहून बोलका. १९८६ चा त्यांचा धांगडधिंगा, ‘लायसेन्स्ड टू इल’, हा बिलबोर्डवर अव्वल ठरलेला पहिला रॅप अल्बम. १९८९ चा ‘पॉल्स बुटीक’ शंभरावर जुन्या गाण्यांच्या तुकड्यांतून शिवलेला. तो आधीच्या मानाने आपटला. आज जाणकार त्यालाच वर ठेवतात.

अर्थात सगळं काही स्वरांवर ढकलता येणार नाही. मी काळा असतो तर निम्मंच खपलं असतं, असा हिशेब एमिनेमने २००२ च्या एका गाण्यात स्वतःच मांडलाय. पण गोरेपणाचा तो फायदा व्हॅनिला आईसलाही होताच. त्याला मिळाली नाही ती घरच्यांची, म्हणजे कृष्णवर्णीय रॅपरांची पसंती. एमिनेमला डॉ. ड्रे या कृष्णवर्णीय रॅपर-निर्मात्याने हाताशी धरलं, बीस्टी बॉइजना रन-डीएमसी या कृष्णवर्णीय रॅप गटाने दौऱ्यावर नेलं. बर्लाइनच्या आकृत्यांसाठी कुणाला असा शब्द टाकावा लागला नव्हता.