वारशात आलेली प्रॉपर्टी बदलताना

नॉर्वेच्या ओले-योहान डाल आणि क्रिस्टन निगार्ड यांनी १९६७ मध्ये सिम्युला ६७ ही प्रोग्रामिंग भाषा मांडली, तेव्हापासून एका क्लासचे, म्हणजे ऑब्जेक्ट घडवायच्या साच्याचे, गुण दुसऱ्याकडे वारशाने येतात. वारसदार क्लास आलेली गोष्ट आपल्या पद्धतीने पुन्हा लिहितो, ते ओव्हरराइड करणं. मेथड, म्हणजे क्लासची कृती, ओव्हरराइड करायला सगळे लवकर शिकतात. घोळ होतो तो प्रॉपर्टीच्या, म्हणजे क्लासने बाळगलेल्या माहितीच्या बाबतीत.

समजा, ‘वाहन’ क्लासमध्ये ‘चालक’ ही प्रॉपर्टी आहे, टाइप (माहितीचा प्रकार) ‘व्यक्ती’. त्यापासून ‘ट्रक’ करताना वाटतं, इथे चालक ‘परवानाधारक’च हवा. परवानाधारकही व्यक्तीच, मग टाइप नेमका करायला हरकत काय? प्रॉपर्टी फक्त वाचायची असेल, तर काहीच नाही. चालक विचारणाऱ्याला व्यक्ती हवी असते, ती मिळते. पण तिच्यात लिहिताही येत असेल तर? एखादं फंक्शन कुठलंही वाहन घेऊन त्यात कुणालाही चालक म्हणून बसवतं. त्याच्या हाती ट्रक आला, की परवाना नसलेला माणूस ट्रकमध्ये बसलाच! फंक्शनचं काहीच चुकलं नाही. प्रोग्राम कोसळतो तो मात्र दूर, परवाना क्रमांक वाचणाऱ्या ओळीवर. असा दोष शोधणं फार जिकिरीचं असतं.

मूळ टाइपच्या जागी वारसदार ठेवला तरी प्रोग्राम बिघडता कामा नये, हे तत्त्व बार्बरा लिस्कोव्ह यांनी १९८७ मध्ये मांडलं होतं. कॉटलिन ही भाषा ते कसोशीने पाळते: ‘व्हॅल’चा (फक्त वाचायच्या प्रॉपर्टीचा) टाइप नेमका करता येतो, त्याचा ‘व्हार’ही (लिहिताही येणारी प्रॉपर्टी) करता येतो, ‘व्हार’चा ‘व्हॅल’ मात्र होत नाही, आणि त्याचा टाइपही बदलत नाही. टाइपस्क्रिप्ट ही भाषा सोयीसाठी सैल राहते. तिथे इंटरफेस (ऑब्जेक्टमध्ये काय असावं याचं वर्णन) वाढवताना लिहिता येणाऱ्या प्रॉपर्टीचाही टाइप नेमका करू देतात, म्हणजे वरचा ट्रक निमूट कंपाइल होतो. म्हणून बदलायची गरज नसलेली प्रॉपर्टी मूळ इंटरफेसमध्येच ‘रीडओन्ली’ (फक्त वाचायची) लिहावी, असं माझं आग्रहाचं सांगणं आहे.

जावा भाषेत तर फील्ड (ऑब्जेक्टमधली माहिती साठवायची जागा) ओव्हरराइड होतच नाही. त्याच नावाचं नवं फील्ड लिहिलं, की एकाच ऑब्जेक्टमध्ये दोन फील्ड नांदतात आणि कुठलं हाती येईल ते व्हेरिएबलच्या टाइपवर ठरतं. त्यामुळे फील्ड प्रायव्हेट (बाहेरून न दिसणारं) ठेवून गेटर (माहिती वाचून देणारी मेथड) ओव्हरराइड करावा. त्याचा रिटर्न टाइप जावा ५ पासून नेमका करता येतो. सेटर म्हणजे माहिती लिहिणारी मेथड; तिला दिल्या जाणाऱ्या पॅरामीटरचा टाइप बदलला, तर मात्र ते ओव्हरराइड ठरत नाही. नवा सेटर तयार होतो, आणि कुठलीही व्यक्ती स्वीकारणारा जुना सेटर तसाच उघडा राहतो.