रिपोर्टमधे ‘तात्पुरता पॅच’ असं दिसलं तर हे वाचा

तुमचं सॉफ्टवेअर स्लो का झालंय ते तपासून आम्ही जो रिपोर्ट देतो त्यात कधीकधी ‘अमुक लायब्ररीला तात्पुरता पॅच लावला’ अशी ओळ असते (लायब्ररी म्हणजे दुसऱ्यांनी लिहिलेला तयार कोड, पॅच म्हणजे त्यात केलेली छोटी दुरुस्ती) आणि मग हमखास विचारणा होते की तात्पुरता का, कायमचंच का नाही करून टाकत. रास्त प्रश्न आहे, म्हणून नीट सांगतो.

तुमच्या सॉफ्टवेअरमधला बराचसा कोड ओपन सोर्स लायब्रऱ्यांचा असतो आणि त्या आणखी दुसऱ्या लायब्रऱ्या ओढून आणतात, त्यामुळे स्लो का झालंय बघायला प्रोफाइलर (कुठल्या कोडला किती वेळ लागतो ते मोजणारं टूल) लावला की पुष्कळदा दोष तिकडेच सापडतो. खरा इलाज म्हणजे मूळ प्रोजेक्टला सुधारणा पाठवणं, आणि ती आम्ही पाठवतोच, पण ती तपासणारा मेंटेनर, म्हणजे तो प्रोजेक्ट सांभाळणारा माणूस, बऱ्याचदा नोकरी सांभाळून फुकटात हे काम करत असतो, त्याच्या मागे तगादा लावणं आम्हाला पटत नाही. पण ती स्वीकारली जाईपर्यंत तुमच्या युजरनी ताटकळत बसावं हेही पटत नाही.

दोष दिसायला किती छोटा असतो बघा. २० जुलै २०१६ ला स्टॅक ओव्हरफ्लो ही प्रोग्रॅमरांची प्रश्नोत्तरांची साइट ३४ मिनिटं बंद पडली होती, कारण काय तर ओळीच्या टोकाच्या स्पेस काढणारा एक रेजेक्स (मजकुरात ठरावीक नमुना शोधणारं सूत्र). एका पोस्टमधे सलग २०,००० च्या आसपास स्पेस आल्या, त्यांच्यानंतर दुसरं अक्षर होतं, मग प्रत्येक स्पेसपासून परत पहिल्यापासून तपासणी, म्हणजे जवळजवळ २० कोटी वेळा. तो त्यांचा स्वतःचा कोड होता, पण असले रेजेक्स लायब्रऱ्यांमधेही सापडतात, आणि तिथे इनपुट आत जायच्या आधीच त्याची लांबी मर्यादित केली तरी तेवढ्यापुरतं भागतं.

म्हणून आम्ही आधी लायब्ररीला हात न लावता जमतंय का ते बघतो. कॅश लावता येते (एकदा काढलेलं उत्तर साठवून परत वापरायचं), किंवा लिनक्सवर बरेच थ्रेड (एकाच वेळी चालणारी कामं) असलेल्या प्रोग्रॅमची मेमरी फुगत असेल तर ग्लिबसी या लिनक्सच्या मूळ सी लायब्ररीतल्या अरीनांची (थ्रेडना मेमरी वाटून देणाऱ्या साठ्यांची) कमाल संख्या २ वर आणता येते (६४ बिट मशीनवर एरवी ती मर्यादा दर कोअरला ८ असते), फक्त थ्रेड एकमेकांसाठी थांबू लागले तर वेग थोडा कमी होतो, ते मोजून बघावं लागतं. जुन्या व्हर्जनवर परत जाणं सोपं वाटतं पण सिक्युरिटी फिक्सही जातात, म्हणून ते अगदीच नाइलाज असेल तर.

नाहीच जमलं तर पॅच. नोडच्या (सर्व्हरवर चालणाऱ्या जावास्क्रिप्टच्या) प्रोजेक्टमधे आम्ही पॅच-पॅकेज हे टूल वापरतो, लायब्ररीतल्या दोनचार ओळी बदलायच्या, फरकाची फाइल ‘पॅचेस’ फोल्डरमधे जाते आणि दर इन्स्टॉलनंतर परत लागते. पुढे व्हर्जन बदललं आणि पॅच बसला नाही तर एरर येते, आणि तेच बरं, कारण गप्प राहणारे प्रकार जास्त त्रास देतात. गो या भाषेत मूळ लायब्ररीऐवजी आपली कॉपी वापरायला सांगणारी रिप्लेसची ओळ व्हर्जन न देता लिहिली की मूळ लायब्ररीत फिक्स आला तरी तुमचं सॉफ्टवेअर आमच्या जुन्या फोर्कवरच (म्हणजे बदल केलेल्या कॉपीवरच) चालत राहतं आणि कोणाच्या लक्षातही येत नाही!

म्हणूनच प्रत्येक पॅचसोबत मूळ प्रोजेक्टचा इश्यू नंबर (तिथे नोंदवलेल्या तक्रारीचा क्रमांक), आधीचा आणि नंतरचा मोजलेला वेळ आणि कुठलं व्हर्जन आलं की पॅच काढायचा, एवढं रिपोर्टमधे लिहिलेलं असतं. नसेल तर आम्हाला हक्काने विचारा.

आणि एक विनंती, ‘पॅचेस’ फोल्डर फालतू समजून डिलीट करू नका, आणि तुमच्याकडचं कोणी लायब्रऱ्या अपडेट करणार असेल तर आधी एक मेसेज टाका, कुठला पॅच आता काढता येईल ते बघून लगेच कळवतो.