सुटला, पण कसा सुटला? पोलिसांची निर्दोष मुक्तता आणि त्यानंतरच्या विभागीय चौकशीची पार्श्वभूमी

११ नोव्हेंबर २००६ रोजी मुंबईत वर्सोव्याला रामनारायण गुप्ता ऊर्फ लखनभैया पोलिसांच्या गोळ्यांनी मारला गेला. ही चकमक बनावट असल्याचा निष्कर्ष काढून सत्र न्यायालयाने जुलै २०१३ मध्ये २१ जणांना जन्मठेप सुनावली. त्यांत १३ पोलीस होते. त्याच निकालात पोलीस अधिकारी प्रदीप शर्मा मात्र निर्दोष सुटले. २०१७ मध्ये ते सेवेत परतले आणि ठाण्याच्या खंडणीविरोधी पथकाची जबाबदारी त्यांच्याकडे आली. १९ मार्च २०२४ रोजी मुंबई उच्च न्यायालयाने ती निर्दोष मुक्तता रद्द करून त्यांना जन्मठेप ठोठावली आणि त्यांनी त्याविरुद्ध सर्वोच्च न्यायालयात दाद मागितली.

प्रकरणाचं पुढे काय व्हायचं ते होईल. पण फौजदारी न्यायालयाने पोलिसाला सोडलं म्हणजे नेमकं काय संपतं आणि काय शिल्लक राहतं, हा प्रश्न या तारखांमधून उभा राहतो. त्याचं उत्तर शोधण्यात आपल्याकडे नव्वदेक वर्षं गेली आहेत. त्या उत्तराचा गाभा बराच आधी एका पोलीस नियमावलीत लिहिलेला होता, ही त्यातली मला सर्वांत महत्त्वाची वाटणारी गोष्ट.

ब्रिटिश काळात हा प्रश्न आधी पगाराच्या अंगाने आला. १९२२ पासून लागू झालेल्या फंडामेंटल रूल्समध्ये, म्हणजे सरकारी नोकरांच्या मूलभूत सेवानियमांत, निलंबित कर्मचारी 'सन्मानाने निर्दोष' सुटला तर त्याला निलंबनकाळाचा पूर्ण पगार द्यावा, अशी तरतूद होती. नुसता सुटला तर किती द्यायचं, हे अधिकाऱ्याने ठरवायचं. म्हणजे सुटकेचे दोन प्रकार हिशेबापुरते तरी मानले गेले होते. अडचण अशी, की फौजदारी कायद्यात असे दोन प्रकार नव्हतेच. १९३३ मध्ये कलकत्ता उच्च न्यायालयाने तसं स्पष्ट म्हटलं. 'सन्मानाने मुक्तता' हा प्रकार न्यायालयांना ठाऊक नाही, तो लष्करी न्यायासनांकडून आलेला दिसतो, असा त्या निकालाचा आशय होता. न्यायालय एवढंच सांगतं की गुन्हा सिद्ध झाला किंवा झाला नाही. पण कार्यालयात बसलेल्या साहेबाला त्या कोरड्या निकालावरून माणसाची नोकरी ठरवायची असते.

यावर सर्वांत व्यवहारी उत्तर पंजाबच्या १९३४ च्या पोलीस नियमांनी दिलं. त्यातला १६.३ हा नियम आजही सावकाश वाचण्यासारखा आहे. फौजदारी न्यायालयाने पोलिसाला सोडलं असेल, तर त्याच आरोपावरून, किंवा त्याच पुराव्याच्या आधारे वेगळा आरोप ठेवून, खात्याने त्याला शिक्षा करायची नाही, हा मूळ नियम. म्हणजे सुरुवातच पोलीस शिपायाच्या बाजूने होते. मग पाच अपवाद येतात. खटला तांत्रिक कारणाने पडला असेल. सरकारी साक्षीदार फोडले गेले आहेत असं न्यायालयाचं किंवा जिल्हा अधीक्षकाचं मत असेल. गुन्हा घडला आहे आणि संशय याच पोलिसावर जातो असं निकालपत्रातच म्हटलं असेल. पुराव्यातून वेगळ्याच गैरवर्तनाची माहिती पुढे आली असेल. किंवा न्यायालयात चालला नसता पण विभागीय चौकशीत चालतो असा जादा पुरावा हाती असेल, तर चौकशी करता येते.

या अपवादांमागे पोलीस ठाण्याची खरी ओळख आहे. नियम लिहिणाऱ्याला ठाऊक होतं की आरोपी वर्दीतला असेल तर साक्षीदार टिकवणं सर्वांत कठीण. तक्रारदार त्याच गावात राहतो, त्याच ठाण्यासमोरून रोज जातो. दोनतीन वर्षांनी तो साक्षीच्या पिंजऱ्यात उभा राहतो आणि 'मला काही आठवत नाही' म्हणतो. अशा सुटकेला निर्दोषत्वाचा दाखला मानायला हा नियम तयार नव्हता. दिल्ली पोलिसांच्या १९८० च्या शिक्षा व अपील नियमांतला बारावा नियम जवळपास याच शब्दांत उतरला. मुंबई इलाख्याची वाट वेगळी होती. इथे १९५१ चा मुंबई पोलीस कायदा आला. आज तो महाराष्ट्र पोलीस कायदा म्हणून ओळखला जातो आणि त्याचं कलम २५ वरिष्ठांना शिक्षेचे अधिकार देतं. त्यापाठोपाठ १९५६ चे शिक्षा व अपील नियम आले.

राज्यघटना लागू झाल्यावर वाद नव्या पायावर गेला. अनुच्छेद २० च्या दुसऱ्या खंडानुसार एकाच गुन्ह्यासाठी कुणावर दोनदा खटला चालवून दोनदा शिक्षा करता येत नाही. मग न्यायालय आणि खातं या दोघांनी एकाच गोष्टीवरून माणसाला धरायचं कसं? या प्रश्नाचा पहिला मोठा निकाल मुंबईतून गेलेल्या प्रकरणावर लागला, आणि त्यात पोलीस नव्हतेच. १९४९ मध्ये जेद्दाहून सांताक्रूझ विमानतळावर उतरलेल्या एका प्रवाशाकडे १०७ तोळ्यांवर सोनं सापडलं. कस्टम्सने ते जप्त केलं आणि नंतर त्याच्यावर खटलाही भरला. १९५३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की कस्टम्सची जप्ती म्हणजे न्यायालयातला खटला नव्हे, त्यामुळे ही दुहेरी शिक्षा होत नाही. पुढच्याच वर्षी एका बड्या केंद्रीय सचिवाच्या प्रकरणात हेच तत्त्व विभागीय चौकशीला लागू झालं. नोकरी जाणं ही वेगळी गोष्ट आणि गुन्ह्याची शिक्षा ही वेगळी.

दुसरा पाया पुराव्याचा. फौजदारी न्यायालयात आरोप वाजवी संशयापलीकडे सिद्ध व्हावा लागतो. विभागीय चौकशीत तसं झालं असण्याची शक्यता अधिक दिसली तरी पुरतं. १९६३ मध्ये आंध्रातल्या एका पोलीस उपनिरीक्षकाच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने हे पक्कं केलं. चौकशीच्या निष्कर्षाला काही पुरावा असेल, तर उच्च न्यायालयाने अपील ऐकल्यासारखं तो पुन्हा तोलू नये, असंही बजावलं. १९७७ मध्ये हरियाणाच्या एका बस कंडक्टरच्या प्रकरणात तर पुराव्याच्या कायद्याचे काटेकोर नियम चौकशीला लागत नाहीत असंच ठरलं. तिकीट न दिलेल्या प्रवाशांचे जबाब घेतले नव्हते, तरी तपासनिसाची साक्ष चालली.

इथून एक धोका सुरू होतो. पोलीस खात्यातल्या शिपायाला तो नेमका माहीत आहे. पुरावा कमी लागतो, चौकशी अधिकारी त्याच खात्यातला, शिक्षा देणारा साहेबही तोच आणि न्यायालय फारसं आत शिरणार नाही. अशा ठिकाणी निर्दोष सुटलेल्या माणसालाही घरी पाठवता येतं. १९८१ मध्ये नागपूर महापालिकेच्या कर्मचाऱ्यांच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने मधला रस्ता काढला. कर्मचारी पूर्णपणे निर्दोष ठरला असेल, तर त्याच आरोपांवर चौकशी पुढे रेटणं सहसा उचित नाही. मात्र चौकशीचा अधिकार सुटकेमुळे संपत नाही. सरकारी वकील हा निकाल दाखवतात आणि कर्मचाऱ्याचे वकीलही दाखवतात, कारण दोघांना हवं ते वाक्य त्यात आहे.

शिपायाच्या बाजूने खरा मोठा निकाल १९९९ चा, पॉल अँथनी प्रकरणाचा. कर्नाटकातल्या कोलार सोन्याच्या खाणीतले हे सुरक्षा अधिकारी. जून १९८५ मध्ये पोलिसांनी त्यांच्या घरावर छापा टाकला आणि साडेचार ग्रॅमची सोन्याची गोळी व १२७६ ग्रॅम सोनेमिश्रित वाळू सापडल्याचा दावा केला. दुसऱ्या दिवशी निलंबन झालं. निर्वाह भत्ता मिळाला नाही. ते केरळात घरी आजारी होते आणि चौकशीला यायला जवळ पैसे नव्हते. चौकशी त्यांच्या गैरहजेरीत उरकली आणि १९८६ मध्ये त्यांना बडतर्फ केलं. १९८७ मध्ये फौजदारी न्यायालयाने त्यांना सोडलं, कारण छाप्याची कहाणीच सिद्ध झाली नाही. सर्वोच्च न्यायालय म्हणालं की दोन्हीकडे तोच छापा, तेच पंच, तेच पोलीस. न्यायालयाने ज्यांच्यावर विश्वास ठेवला नाही, त्यांच्याच शब्दावर नोकरी काढून घेणं अन्यायाचं आहे. निर्वाह भत्ता न देता चौकशी करणं म्हणजे माणसाला बचावच करू न देणं, हेही या निकालाने ठणकावून सांगितलं. आजही मॅटमध्ये, म्हणजे महाराष्ट्र प्रशासकीय न्यायाधिकरणात, कोणी शिपाई गेला की त्याच्या अर्जात पॉल अँथनी असतोच. २००६ मध्ये गुजरातच्या एका कर्मचाऱ्याच्या बाबतीत न्यायालयाने हीच दिशा धरली.

मग २०१२ मध्ये काटा दुसरीकडे झुकला. तमिळनाडूतल्या तेनकाशीच्या बसस्थानकावर १९९९ मध्ये एका पोलिसाने दारूच्या नशेत एका विवाहित स्त्रीची छेड काढल्याची तक्रार झाली. विभागीय चौकशीत आरोप सिद्ध झाला आणि तो बडतर्फ झाला. फौजदारी खटल्यात मात्र ती स्त्री आणि तिचा नवरा, दोघेही फितूर झाले आणि तो सुटला. मद्रास उच्च न्यायालयाने या सुटकेच्या बळावर त्याला परत घ्यायला सांगितलं. सर्वोच्च न्यायालयाने तो आदेश रद्द केला. महत्त्वाचे साक्षीदार उलटल्यामुळे मिळालेली सुटका ही सन्मानाची सुटका नव्हे. सेवानियमांत तशी तरतूद नसेल, तर सुटलेल्याला परत घेतलंच पाहिजे असा हक्कही नाही. बसस्थानकांवर साध्या वेशातल्या महिला पोलीस नेमण्यासारखे निर्देशही याच निकालात आले. छेडछाडीची तक्रार करणारी बाई कोर्टापर्यंत का टिकत नाही, याचा विचार न्यायाधीशांनी केला होता, हे त्यातून दिसतं. १९३४ च्या नियमातला 'साक्षीदार फोडले गेले' हा अपवाद इथे वेगळ्या वाटेने परत आला.

अशी फितुरी किती मोठी असू शकते, ते मुंबईने डिसेंबर २०१८ मध्ये पाहिलं. सोहराबुद्दीन शेख चकमक प्रकरणाचा खटला सर्वोच्च न्यायालयाने गुजरातेतून मुंबईला हलवला होता. तिथे तपासलेल्या २१० साक्षीदारांपैकी ९२ फितूर झाले आणि सर्व २२ आरोपी सुटले. त्यांतले बहुतेक पोलीस होते. न्यायालयाला समोरच्या पुराव्यावरच निकाल द्यावा लागतो आणि तसाच तो दिला गेला. पण खात्याने अशा निकालाकडे बोट दाखवून स्वतःची फाइल बंद करावी, हे मला पटत नाही. न्यायालयापुढे प्रश्न शिक्षेचा असतो. या माणसाच्या हाती पुन्हा पिस्तूल आणि अटकेचा अधिकार द्यावा का, हा प्रश्न खात्याचा आहे, आणि तो न्यायालय त्याच्या वतीने सोडवू शकत नाही.

उलट बाजूचा अन्यायही तेवढ्याच जवळून पाहायला हवा. राजस्थान सशस्त्र दलात १९९१ मध्ये लागलेल्या एका शिपायावर आरोप आला की वय बसावं म्हणून त्याने आठवीच्या गुणपत्रिकेत जन्मसाल १९७४ चं १९७२ केलं. चौकशी होऊन २००४ मध्ये तो बडतर्फ झाला. २००७ मध्ये अपिली न्यायालयाने त्याला सोडलं, पण निकालात 'संशयाचा फायदा' असे शब्द पडले होते. त्या दोन शब्दांवर त्याचं प्रकरण सोळा वर्षं अडलं. डिसेंबर २०२३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने निकालपत्र मुळातून वाचलं आणि सांगितलं की आरोप सिद्ध तर झालेला नाहीच, उलट पुरावा त्याच्या बाजूचा आहे. 'संशयाचा फायदा' किंवा 'सन्मानाने मुक्त' हे काही मंत्र नव्हेत, निकालाचा आशय पाहायचा असतो. त्याला ज्येष्ठतेसह परत घेण्याचा आदेश झाला, मागचा पगार मात्र निम्माच मिळाला. शिपायाच्या घरात सोळा वर्षं म्हणजे काय असतं, हे पोलीस वसाहतीत राहिलेल्या कुणालाही सांगावं लागणार नाही.

तेनकाशीचा निकाल आणि राजस्थानचा निकाल वरवर एकमेकांच्या विरोधात वाटतात, पण दोन्ही एकच प्रश्न विचारतात: हा माणूस सुटला कसा? साक्षीदार घाबरल्यामुळे, की त्याने काही केलंच नव्हतं म्हणून? हे ठरवायला निकालपत्र पूर्ण वाचावं लागतं. प्रत्यक्षात अनेकदा फक्त शेवटचा परिच्छेद वाचला जातो. शिवाय खटला चालू आहे म्हणून विभागीय चौकशी थांबवून ठेवायची सवय आहे. गुंतागुंतीच्या प्रकरणात, बचाव उघडा पडू नये म्हणून, अशी स्थगिती मिळू शकते. पण खटला दहा वर्षं चालला की चौकशीचे साक्षीदार निवृत्त झालेले असतात, स्टेशन डायरीची पानं सापडत नाहीत आणि चौकशी सुरू होते तेव्हा तिच्यात दम उरलेला नसतो. फायदा बहुधा मोठ्या अधिकाऱ्याचा होतो, नुकसान तक्रारदाराचं आणि निर्दोष शिपायाचं.

चौकशी खात्याच्या बाहेरच्या कुणाच्या हाती असावी, हा विचार सर्वोच्च न्यायालयाच्या २२ सप्टेंबर २००६ च्या प्रकाश सिंह निकालाने पुढे आणला आणि राज्यांना पोलीस तक्रार प्राधिकरणं स्थापायला सांगितलं. महाराष्ट्राने २०१४ मध्ये पोलीस कायद्यात दुरुस्ती करून उच्च न्यायालयाच्या निवृत्त न्यायाधीशाच्या अध्यक्षतेखाली राज्य प्राधिकरणाची तरतूद केली. कोठडीतला मृत्यू, गंभीर दुखापत, बलात्कार, बेकायदा अटक, खंडणी, जमीन बळकावणं अशा तक्रारी तिथे नेता येतात. तिथे जाण्यासाठी आधी फौजदारी खटल्यात शिक्षा झालेली असावी लागत नाही.