पाणी घाटातलं, अडतं वाडीत

पंचगंगेचा पूर समजून घ्यायचा तर आधी तिचा उतार बघावा. कासारी, कुंभी, तुळशी, भोगावती सह्याद्रीवरून झपाट्यानं उतरतात आणि प्रयाग चिखलीला एक होतात. तिथून पुढं जमीन जवळपास सपाट. नरसोबावाडीला पंचगंगा कृष्णेला मिळते, पण कोयना-वारणेचं पाणी घेऊन आलेली कृष्णा आधीच चढलेली असली तर हिला आत शिरायला वाव राहत नाही. पाणी मागं सरतं. यालाच फूग म्हणतात. कोल्हापुरात ऊन पडल्यावरही पंचगंगेवरच्या राजाराम बंधाऱ्यावरची पातळी इंचाइंचानं उतरते ती यामुळंच.

हे काही नवं नाही. वाडीच्या दत्तमंदिरात पाणी शिरून दक्षिण दारानं बाहेर पडलं की दक्षिणद्वार सोहळा होतो; उत्सवमूर्ती आधीच वर हलवलेली असते. जुनी गावठाणं उंचावर आणि नदीकाठी मळीची शेतं, अशी वाटणीच होती. पूर यायचा, गाळ टाकून जायचा.

ही वाटणी नंतर मोडली. पूररेषेच्या आत भराव पडले, प्लॉट पडले. महामार्ग आणि पुलांचे जोडरस्ते भरावावर उभे राहिले. मोऱ्या अपुऱ्या असल्या की असा भराव आडव्या बांधासारखा पाणी धरतो. शहरात तर पाणी काठावरून नव्हे, शहरातून वाहत पंचगंगेला मिळणाऱ्या जयंती नाल्यातून उलटं चढत येतं. कोल्हापूर पद्धतीच्या बंधाऱ्यांचे बरगे, म्हणजे पाणी अडवणाऱ्या काढत्या-घालत्या फळ्या, पावसाआधी काढायचे असतात. राहिले तर त्यांना जलपर्णी आणि ओंडके अडकतात.

धरणांचं गणित वेगळं. सिंचन आणि विजेसाठी ती लवकर भरून ठेवायची, मग ऑगस्टच्या पावसाला जागा उरत नाही. 1 टीएमसी (एक अब्ज घनफूट) पाणी चोवीस तासांत सोडायचं म्हणजे सलग 11,574 क्युसेक, सेकंदाला तेवढे घनफूट. भोगावतीवरच्या राधानगरी धरणाचे सात स्वयंचलित दरवाजे तर कुणाला विचारतच नाहीत. धरण भरलं की आपोआप उघडतात.

राजाराम बंधाऱ्यावर 39 फुटांना इशारा, 43 ला धोका. 2019 मध्ये पाणी 55 फुटांवर गेलं, 2021 मध्ये 56 वर. दोन्ही वेळा कोल्हापूरलगतच्या शिरोलीजवळ महामार्ग बंद पडला. बोट मात्र कायम कृष्णेवरच्या कर्नाटकातल्या अलमट्टी धरणाकडं, त्याच्या फुगीनं पूर येतो म्हणून. 2019 च्या पुरानंतर राज्य सरकारनं नेमलेल्या वडनेरे समितीनं अतिवृष्टी आणि पात्रातली अतिक्रमणं ही मुख्य कारणं मानली, अलमट्टीवर ठपका ठेवला नाही. सांगलीत अनेकांना ते आजही पटत नाही. फुगीची भीती खोटी नव्हे, पण अलमट्टीचे दरवाजे सताड उघडले तरी शिरोलीचा भराव आणि जयंती नाल्याचा काठ जागचे हलत नाहीत.