डीएससीवर क्रिस्टलिनिटी: पेटचं गणित मेटॅलिक ग्लासला लावू नका

प्लास्टिकवर काम केलेली पोरं मेटॅलिक ग्लासचा (काचेसारखा, अणूंची नियमित रचना नसलेला, म्हणजे अमॉर्फस धातू) नमुना किती क्रिस्टलाइन आहे ते बघायला डीएससीत (तापवताना नमुना किती उष्णता घेतो-सोडतो ते मोजणारं मशीन) टाकतात आणि सवयीने आधी मेल्टिंगचा पीक शोधतात, गडबड तिथेच होते. मशीन तेच, ग्राफही दिसायला तसाच, पण हिशोब पार वेगळा.

पेट प्लास्टिकमध्ये (पाण्याच्या बाटल्यांचं) आपण काय करतो? प्रीफॉर्मचा (बाटली फुगवण्याआधीची नळी) तुकडा तापवला की 250 डिग्रीच्या आसपास वितळतो, त्या पीकचं क्षेत्रफळ घ्यायचं, वाटेत 120-130 ला जे क्रिस्टल नव्याने बनले त्यांची उष्णता त्यातून वजा करायची आणि उरलेल्याला 140 जूल प्रति ग्रॅमने भागायचं (पूर्ण क्रिस्टलाइन पेटसाठी धरतात तो आकडा). झालं.

आता व्हिट्रेलॉय 1 घ्या, कॅलटेकमधून 1993 साली आलेला झिरकोनियमचा अलॉय. मिनिटाला 20 डिग्रीने तापवला की 350 च्या आसपास ग्लास ट्रान्झिशन (कडक काच मऊ पडायला लागते तो टप्पा), 430 च्या आसपास क्रिस्टलायझेशन, आणि वितळायला सुरुवात होते पार 660 नंतर. म्हणजे वितळण्याआधीच सगळा माल क्रिस्टल होऊन बसलेला असतो, सुरुवातीला तो पूर्ण अमॉर्फस होता की अर्धवट हे मेल्टिंगच्या पीकला कळणार कुठून! बरं, पेटसारखं वजा करून बघू म्हणाल तर तेही नाही जमत, कारण 430 ला सुटणारी उष्णता 660 नंतर लागणाऱ्या उष्णतेपेक्षा बरीच कमी असते, त्यामुळे शंभर टक्के अमॉर्फस नमुनाही कागदावर थोडा क्रिस्टलाइन निघतो.

म्हणून इथे क्रिस्टलायझेशनचाच पीक मोजायचा. त्याच कंपोझिशनची मेल्ट-स्पन रिबन (वितळलेला अलॉय फिरत्या चाकावर टाकून झटकन थंड केलेली पट्टी) पूर्ण अमॉर्फस धरायची (एक्सआरडीने, म्हणजे एक्स-रे तपासणीने खात्री करून), तिचा समजा 60 जूल प्रति ग्रॅम आला आणि तुमच्या कास्ट रॉडचा 45, तर एक चतुर्थांश भाग आधीच क्रिस्टल झालाय. हीटिंग रेट दोन्हीकडे सेम ठेवा. शिवाय दोन-चार टक्क्यांवर फार विश्वास टाकू नका, बेसलाइन (पीकच्या खालची रेष) जराशी इकडेतिकडे ओढली तरी तेवढा फरक पडतो.

फाइनमेटसारख्या लोखंडाच्या अलॉयमध्ये पीक दोन येतात, पहिला लोह-सिलिकॉनच्या नॅनोक्रिस्टलचा, दुसरा बोराइडचा. अनीलिंग केलेल्या (आधीच तापवून ठेवलेल्या) रिबनमध्ये पहिला जवळजवळ गायब आणि दुसरा मात्र शाबूत असतो, त्यामुळे दोघांची बेरीज करून टक्केवारी काढली की आकडा निरर्थक, पहिल्याची तुलना पहिल्याशीच करा.

आणि झिरकोनियमवाल्यांनो, नुसती क्रिस्टलिनिटी हवी असेल तर 550 ला रन थांबवा, अॅल्युमिनियमचा पॅन स्वतःच 660 ला वितळतो, आणि सेन्सर स्वस्त नसतो.