इग्लेसियास ‘स्वबळावर’ निवडून आले नव्हते

स्पेनच्या समाजवादी पक्षाने १९१० साली पहिला खासदार निव्वळ कामगारांच्या जोरावर निवडून आणला, असं आजही ठोकून दिलं जातं. ते खरं नाही.

तो खासदार म्हणजे पाब्लो इग्लेसियास, छापखान्यातले कंपॉझिटर. पक्ष १८७९ चा, १८९१ पासून निवडणुकीच्या रिंगणात. पण संसदेत भोपळाच. प्रजासत्ताकवादी (राजेशाही नको म्हणणारे) म्हणजे भांडवलदारांचेच भाऊबंद, त्यांच्याशी सोयरीक नको, हा पक्षाचा जुना हेका. (तत्त्व म्हणून ठीक, पण मतपेटीला तत्त्वं कळत नाहीत.)

१९०९ च्या जुलैत मोरोक्कोच्या लढाईसाठी राखीव सैनिकांना बोलावलं आणि बार्सिलोना पेटलं. पुढे दडपशाही झाली, ऑक्टोबरात शिक्षणसुधारक फ्रान्सिस्को फेरेर यांना गोळ्या घातल्या. या दडपशाहीच्या धक्क्यातून नोव्हेंबरात समाजवादी आणि प्रजासत्ताकवादी यांची युती झाली. मे १९१० मध्ये माद्रिदच्या एकाच यादीत इग्लेसियास आणि नामवंत कादंबरीकार गाल्दोस! माद्रिद हा अनेक जागांचा मतदारसंघ, आणि तिथे प्रजासत्ताकवाद्यांचं वजन समाजवाद्यांपेक्षा कितीतरी जास्त. ती मतं इग्लेसियास यांच्याही पारड्यात पडली.

‘तेव्हापासून समाजवादी आणि प्रजासत्ताकवादी कायमचे मित्र’ हीसुद्धा थापच: १९१९ साली समाजवाद्यांनी युती मोडली.