पायाच्या रोहिण्यांची अँजिओप्लास्टी व बायपास शस्त्रक्रिया

पायाला रक्त पुरवणाऱ्या रोहिण्या, म्हणजेच धमन्या, मेद व चुना साचून बुजल्यावर रक्तप्रवाह पुन्हा सुरू करण्याचे हे दोन मुख्य उपाय आहेत. तंबाखू आणि मधुमेह ही या विकाराची सर्वांत प्रबळ कारणे होत.

ठरावीक अंतर चालल्यावर पोटरी भरून येते आणि उभे राहिले की दोन-चार मिनिटांत मोकळी होते. हे दुखणे वयाच्या नावावर खपवले जाते, ही खेदाची गोष्ट आहे. विकार बळावला की निजल्यावर पाऊल ठणकू लागते. खाली सोडलेल्या पायात रक्त थोडे अधिक उतरत असल्यामुळे रुग्ण रात्री पाय खाटेखाली सोडून बसतो. पुढे बोटांच्या जखमा भरत नाहीत व कोथ, म्हणजेच गँगरीन, होतो. घोट्याजवळच्या रक्तदाबाला दंडावरील दाबाने भागून आलेला आकडा ०.९ किंवा त्याहून कमी असल्यास अवरोध आहे असे धरतात. मात्र मधुमेहात रोहिण्या चुन्याने कडक झाल्यामुळे तो फसवा चांगला येतो, म्हणून अंगठ्यातील दाब मोजणे इष्ट असते.

केवळ चालताना दुखत असेल तर तंबाखू सोडणे, औषधे आणि देखरेखीखाली नियमित चालणे हे आधी करावे. पाऊलच धोक्यात असेल तर मात्र वेळ दवडता येत नाही.

अँजिओप्लास्टी म्हणजे बुजलेली रोहिणी आतून रुंद करणे. अमेरिकेतील पोर्टलंड येथे १६ जानेवारी १९६४ रोजी क्ष-किरणतज्ज्ञ चार्ल्स डॉटर यांनी पाय कापून घ्यायला नकार देणाऱ्या ८२ वर्षांच्या एका स्त्रीच्या मांडीतील रोहिणी क्रमाने जाड होत जाणाऱ्या नळ्या घालून रुंद केली, आणि तिचा पाय वाचला. आंद्रेआस ग्रुंटझिग यांनी १९७४ मध्ये झुरिक येथे नळीच्या टोकाशी फुगा आणला. आज बहुधा जांघेतून बारीक तार अवरोधापलीकडे नेतात, तिच्यावरून फुगा सरकवून फुगवतात आणि गरजेप्रमाणे स्टेंट, म्हणजेच रोहिणी उघडी ठेवणारी जाळीदार नळी, बसवतात.

बायपासमध्ये अवरोधाच्या वर व खाली पर्यायी वाहिनी जोडतात. झां कुन्लँ यांनी १९४८ मध्ये पॅरिसमध्ये त्यासाठी रुग्णाच्याच पायातील लांब वरवरची नीला, म्हणजेच रक्त हृदयाकडे परत नेणारी शीर, वापरली. नीलेतील झडपा हृदयाच्या दिशेनेच उघडतात, म्हणून ती उलटी करून जोडावी लागते किंवा झडपा आतून कापाव्या लागतात. गुडघ्याखाली कृत्रिम नळीपेक्षा ही नीला अधिक टिकते.

निवड करताना ही नीला कशी आहे, हा प्रश्न फार मोलाचा असतो. या दोन उपायांची रुग्णांवर तुलना करणाऱ्या, २०२२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या बेस्ट-सीएलआय चाचणीत चांगली नीला असलेल्यांना बायपास अधिक हितकारक ठरला. २०२३ च्या बेसिल-२ या तशाच चाचणीत मात्र गुडघ्याखालील विकारात आधी फुग्याचा उपचार सरस दिसला. म्हणून अवरोधाची लांबी, नीला, पावलावरची जखम आणि हृदयाची ताकद पाहूनच निर्णय करावा लागतो.

तरुण विडी-सिगारेट ओढणाऱ्यांत आढळणाऱ्या बर्गर रोगात बारीक रोहिण्याच बुजत असल्याने बायपास जोडायला पुष्कळदा जागाच उरत नाही. तिथे तंबाखू पूर्ण सुटल्याखेरीज कोणताही उपचार टिकत नाही.